सौ. दुर्गाबाईंच्या नावाचा लिफाफा

मित्रांनो, मी एक फाटका लिफाफा आहे. जुना म्हणवून घ्यावं एवढं माझं वय नाही, मला छापून धड दोन वर्षंही झालेली नाहीत. पण माझी एक कड गेलेली आहे, आणि आमच्या बिरादरीत कड गेलेला लिफाफा म्हणजे बाद झालेला गडी. माझे पाच भाऊ अखंड आहेत. त्यांना पारदर्शक पिशव्यांत घालून आल्बममध्ये मानानं बसवलं आहे. मी शेवटच्या पानामागे नुसता टेकून असतो. तरी आमच्या सहा जणांत सांगण्यासारखी हकीकत माझीच आहे. ती ऐकताना तुम्हाला थोडी भीती वाटेल. मलाही वाटली होती.

माझा जन्म अकोल्याच्या एका छोट्या छापखान्यात झाला. छापखाना धर्मपालकाकांचा. दिवसभर ते लग्नपत्रिका छापायचे, पण त्यांचा जीव सगळा टपाल तिकिटांत. आम्हा सहा भावांच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी निळं विमान छापलं, खाली ‘प्रथम विमान उड्डाण’ अशी अक्षरं घातली आणि कडेला लाल-निळे पट्टे ओढले. दिसायला आम्ही देखणे होतो, खोटं कशाला बोलू. आम्हाला न्यायला अंजनगाव सुर्जीहून पंजाबराव आले. त्यांचा तिकडे नागवेलीच्या पानांचा मळा होता. जन्मभर नाजूक पानं खुडून त्यांची बोटं इतकी हलकी झाली होती की त्यांनी मला उचललं ते मला कळलंसुद्धा नाही.

आता या लोकांचा छंद काय, ते सांगतो. एखाद्या गावाहून नवं विमान सुरू झालं, की पहिल्या दिवशी त्या विमानातून गेलेला आणि त्या तारखेचा शिक्का अंगावर घेतलेला लिफाफा यांना हवा असतो. पण पानमळा सोडून पंजाबराव आसामात कसे जाणार? म्हणून या छांदिष्टांनी आपसांत एक रीत पाडली आहे. आपल्याच हातानं आपलंच नाव आणि पत्ता लिहायचा, आत एक कोरं जाड कार्ड घालायचं म्हणजे लिफाफा दुमडत नाही, तोंड चिकटवायचं आणि तो लिफाफा त्या गावच्या दोस्ताकडे आधीच पाठवून ठेवायचा. विमान सुरू झालं की दोस्त तो टपालात टाकतो. तोवर लिफाफा दोस्ताच्या कपाटात महिनोन् महिने वाट पाहत पडून राहतो. घरी परत आला की तो कधी फोडायचा नाही. फोडला की गेला. आत कोरंच कार्ड असतं, त्यामुळे फोडायचं कुणाला सुचतही नाही.

पंजाबरावांनी आम्हाला घरच्या टेबलावर मांडलं, तेव्हा दुर्गाबाई समोर पानांची गड्डी लावत बसल्या होत्या. दुर्गाबाई म्हणजे त्यांच्या मालकीण. त्या मान वर न करता म्हणाल्या, “चाळीस वर्षं झाली, तुमचे लिफाफेच विमानात बसून राहिले. मले कवा बसवसान?”

पंजाबराव बोलायचेच कमी. पाच लिफाफ्यांवर त्यांनी रोजच्यासारखं आपलं नाव लिहिलं. मी सहावा. दुर्गाबाई उठून आत गेल्या, तसं त्यांनी मला पुढं ओढलं आणि माझ्यावर ‘सौ. दुर्गाबाई’ असं लिहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी हे नाव तोंडानं कधी घेतलं नव्हतं. ते बायकोला ‘श्यामची माय’ म्हणायचे. मग त्यांनी कार्ड घेतलं आणि चोरून, भराभर त्यावर लिहिलं: “श्यामची माय, आपल्या अमरावतीत विमान आलं. आता आपन दोघं जाऊ. तयार राहजो, मी घ्याले येतो.”

माझ्या तोंडाला डिंक लागला. ते वाक्य माझ्या पोटात राहिलं आणि मी मुका झालो. पण मित्रांनो, त्या वेळी माझ्याइतका खूश लिफाफा साऱ्या वऱ्हाडात नव्हता.

पाच भाऊ पाच गावांना गेले. मला घेऊन पंजाबराव एसटीनं अकोल्याला आले आणि धर्मपालकाकांच्या हातात देत म्हणाले, “अमरावतीत पह्यलं विमान उतरन, त्याच्यात बसून याले आनजो. काही झालं तरी टाकजो. अन् घरी बोलजो नको.” काकांनी मला टेबलाच्या खणात ठेवलं.

कार्तिकातली एक सकाळ होती. काकांना फोन आला. ते पलीकडचं ऐकत राहिले आणि मग खुर्चीत बसले. पंजाबराव मळ्यात वेली बांधता बांधता खाली बसले होते, ते पुन्हा उठले नव्हते. खणाच्या अंधारात मला एवढंच ऐकू आलं. आणि माझ्या पोटातलं वाक्य त्या क्षणाला बदललं. अक्षरं तीच, शाई तीच. पण ‘मी घ्याले येतो’ असं जिवंत माणसानं बायकोला लिहिलं तर तो लाड असतो. आता ते लिहिणारा माणूसच नव्हता. मी ते वाक्य पोटात घेऊन पडून राहिलो. फेकावं म्हटलं तर लिफाफ्याला ते फेकता येत नाही.

पुढचं मला माझ्या भावांनी आल्बममध्ये सांगितलं. त्यातलं काही घरच्या बोलण्यातून त्यांच्या कानावर आलेलं, काही त्यांनी स्वतः पाहिलेलं.

आपल्याकडे माणूस गेला की जिथं जीव गेला तिथं पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर कसलं पाऊल दिसतं ते पाहतात, म्हणजे तो कुठल्या जन्माला गेला ते कळतं. पंजाबरावांसाठी पसरलेल्या पिठावर काहीच उमटलं नव्हतं. मुंगीसुद्धा चालली नव्हती. बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. दुर्गाबाई म्हणाल्या, “थे गेलेच नाहीत मंग.”

तेरावं झालं त्याच दुपारी पोस्टमन गोपाल फाटकाशी आला. त्याच्या हातात माझा थोरला भाऊ होता. वर दिब्रुगडचा शिक्का, तारीख चार दिवसांपूर्वीची, आणि पत्ता पंजाबरावांच्या अक्षरात. गोपाल पंजाबरावांच्या तिरडीबरोबर गेला होता. त्यानं लिफाफा दुर्गाबाईंच्या हातात न देता ओट्यावर ठेवला आणि सायकलवर न बसता ती हातानं ढकलतच नेली.

श्याम, म्हणजे त्यांचा मुलगा, पार हबकला. त्याची लेक आकांक्षा आठवीत होती आणि आजोबांच्या हाताखाली तयार झालेली होती. तिनं आजीला छंदाची सगळी रीत समजावली. आबांनी हे आधीच लिहून ठेवले होते, त्या गावच्या माणसाला आबा गेल्याचं माहीत नाही, बस एवढंच आहे. दुर्गाबाईंनी नीट ऐकलं. मग त्या म्हणाल्या, “हे दिब्रुगड कुठं हाये, दाखव मले.” आकांक्षानं शाळेचा नकाशा पसरला. दुर्गाबाईंनी त्या टोकावर सुपारीचं एक खांड ठेवलं.

महिन्याभरानं दुसरा भाऊ आला, बिहारातल्या दरभंग्याहून. सुपारी सरकली. मग ओडिशातल्या झारसुगुड्याहून तिसरा आला. सुपारी आणखी सरकली.

“तुह्यं सगळं बरोबर हाये, बाई,” आजी आकांक्षाला म्हणाल्या. “पन मंग थे हरेक खेपेले जवळ काहून येऊन राहिले?”

कुठलं विमान कधी सुरू व्हावं हे काही पंजाबरावांच्या हातात नव्हतं. मी स्वतः लिफाफा असून मलाही ते सांगता येत नाही.

हे एवढंच असतं तर निभलं असतं. पण दुर्गाबाईंच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. ओट्याच्या दोन पायऱ्या चढल्या की त्यांना धाप लागायची. अमरावतीच्या डॉक्टरांनी श्यामला बजावलं होतं, चैत्राच्या पुढे ऑपरेशन ढकलू नका, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही. श्यामनं विनवलं, रागावला, शेवटी रडलाही. दुर्गाबाईंचं एकच म्हणणं. “थे येऊन राहिले. घरी कोनी नसलं त कसं होईन? थे आले का मंग जाईन.”

त्या रोज दुपारी एक विडा लावायच्या आणि पंजाबरावांच्या खुर्चीच्या हातावर ठेवायच्या. संध्याकाळी तो वाळून जायचा. चौथा भाऊ गोंदियाचा शिक्का घेऊन आला, त्या दिवशी विडा जागेवर नव्हता. श्याम म्हणाला, खारीनं नेला असेल. तसंही असेल. वऱ्हाडात खारी काही कमी नाहीत. फाल्गुनात पाचवा भाऊ आला, नागपूरचा. सुपारीचं खांड आता अंजनगावपासून दोन बोटांवर येऊन थांबलं.

आणि मी अकोल्याला खणात होतो.

चैत्रात मुंबईहून अमरावतीला पहिलं विमान उतरायचं ठरलं. आदल्या दिवशी धर्मपालकाकांनी मला बाहेर काढलं आणि समोर ठेवलं. आत काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत नव्हतं. पण माझ्यावरचं नाव त्यांना वाचता येत होतं. त्यांनी मला एकदा कचऱ्याच्या टोपलीवर धरलं. मी मनात म्हटलं, सोडा, काका. सोडून द्या मला. मी तिथं पोचलो तर ती बाई मला बोलावणं समजेल आणि निघून जाईल. काकांनी मला खिशात घातलं. “दोस्ताचा शब्द हाये,” एवढंच ते बोलले. मित्रांनो, शब्द पाळणाऱ्या माणसाची मला तेव्हा पहिल्यांदा चीड आली.

काका रेल्वेनं मुंबईला गेले आणि त्या विमानात बसले. त्यांच्या छातीशी खिशात मी. बाहेर ऊन लखलखत होतं, लोक फोटो काढत होते, टाळ्या वाजवत होते. मी मात्र गारठलो होतो. काका दर थोड्या वेळानं खिशावर हात ठेवायचे आणि पटकन काढून घ्यायचे. खाली उतरल्यावर ते तडक टपाल कचेरीत गेले. माझ्या कपाळावर ठप्प करून शिक्का बसला. अमरावती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपाल मला घेऊन पानमळ्याच्या फाटकाशी उभा राहिला. त्यानं हाक मारली नाही. नावाआधीचं ते ‘सौ.’ त्याला पेलवत नव्हतं. पाच महिने त्या घरात कुणी ते लिहिलं नव्हतं, कुणी उच्चारलं नव्हतं. दुर्गाबाईंचं कपाळ मोकळं होतं. शेवटी दुर्गाबाईच ओट्यावरून उतरून आल्या आणि त्यांनी माझ्यासाठी हात पुढे केला.

“काकू, नका घेऊ हे,” गोपाल म्हणाला. “मी साहेबाले सांगतो, पत्ता सापडला नाई म्हनून.”

“पत्ता त बरोबर हाये,” दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी नाव वाचलं. एकदा वाचलं, मग त्या अक्षरांवरून अंगठा फिरवून पुन्हा वाचलं. “आले,” त्या म्हणाल्या.

श्याम धावत आला. आकांक्षाही आली. दुर्गाबाई मला घेऊन ओट्यावर परतल्या. तिथं कोण कुठं उभं आहे ते मला नीट कळत होतं. खुर्ची रिकामी होती. तरीही तिच्याकडे पाठ करून कुणीच उभं नव्हतं.

“आजी, फोडू नको,” आकांक्षा म्हणाली. “आबा म्हणायचे ना, कधीच फोडायचा नाही.”

“थे पाच त्यांच्या नावाचे,” दुर्गाबाई म्हणाल्या. “हे माह्या नावाचं हाये.”

पानाचा देठ खुडावा तशी त्यांनी माझी कड खुडली. मला दुखलं नाही. कार्ड बाहेर आलं आणि त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द सुटा करून. “तयार राहजो. मी घ्याले येतो.”

मळ्यात वारा नव्हता. वेली हलत नव्हत्या. श्यामनं मला आणि कार्डाला त्यांच्या हातातून हिसकावलं. “मी जाळतो याले,” तो म्हणाला आणि चुलीकडे निघाला. मला वाईट वाटलं नाही. जळावं असंच मला वाटत होतं. पण दुर्गाबाईंनी त्याचं मनगट धरलं. धाप लागलेल्या त्या बाईच्या हातात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. त्यांनी मला परत घेतलं आणि आत गेल्या.

आत पेटीचं झाकण वाजलं. त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं. मी खाटेवर पडून हे सगळं पाहत होतो आणि माझ्याच्यानं काही होत नव्हतं. बाहेर श्याम दाराशी उभा होता. त्याला वाटत होतं तेच मलाही वाटत होतं. ती तयार होत होती.

दुर्गाबाई बाहेर आल्या आणि पंजाबरावांच्या खुर्चीसमोर जाऊन बसल्या.

“डाक्टरले फोन लाव,” त्या श्यामला म्हणाल्या. “विचार, अशा छातीनं विमानात बसू देतात का?”

श्यामला काही समजलं नाही. पण त्यानं फोन लावला आणि विचारलं. डॉक्टर पलीकडून ओरडले, ते सगळ्यांना ऐकू आलं. विमानाचं काय घेऊन बसलात, ऑपरेशन केल्याशिवाय त्यांना एसटीतसुद्धा बसवू नका.

दुर्गाबाईंनी मान हलवली. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या, आणि कामाला उशीर करणाऱ्या नवऱ्याशी बायको बोलते तशा बोलल्या. “ऐकलं न तुमी? मी चाळीस वर्षं थांबली. आता तुमी थांबा चार महिने.” आणि श्यामला म्हणाल्या, “गाडी काढ. मी तयार हाये.”

मित्रांनो, मी घाबरट लिफाफा. मला वाटलं होतं बोलावणं आलं की माणूस जातोच. जायचं कसं ते आपण ठरवायचं असतं, हे मला त्या बाईनं शिकवलं.

ऑपरेशन चैत्र सरायच्या आत झालं. चार तास मी बाहेर बाकावर आकांक्षाच्या वहीत होतो. पोळा सरल्यावर दुर्गाबाई अमरावतीहून विमानात बसल्या, शेजारशेजारच्या दोन जागा घेऊन. श्याम सोबत येतो म्हणाला, तर त्या म्हणाल्या, दोघांचंच ठरलं आहे. खिडकीची जागा त्यांनी मोकळी सोडली आणि तिथं मला ठेवलं. विमान वर गेलं तेव्हा त्या सारखं बोट करून खाली काही दाखवत होत्या. मधेच थांबायच्या, ऐकायच्या आणि पुढं बोलायच्या. मला त्या खुर्चीत थोडं कडेला सरकून बसावं लागलं. ते का, हे मला विचारू नका.

परत आल्यावर दुर्गाबाईंनी आकांक्षाकडून एक साधं पाकीट मागून घेतलं. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं पंजाबरावांचं नाव घातलं आणि आत दोन पानं भरून लिहिलं. गावच्याच पेटीत टाकलं. दोन दिवसांनी गोपालनं ते घरी आणून दिलं, आणि या वेळी त्यानं फाटकाशी मोठ्यानं हाक मारली. श्यामनं विचारलं, “माय, याच्यात काय लिहिलं हाये?” त्या म्हणाल्या, “त्यांचं टपाल हाये. आपन कसं फोडावं?” आणि ते पाकीट त्यांनी आल्बमवर ठेवून दिलं, माझ्या अगदी डोक्याशी.

मार्गशीर्षातल्या एका भर दुपारी घरात कुणी नव्हतं. सगळे पानं खुडायला मळ्यात गेले होते. दाराला बाहेरून कडी होती. मी आल्बमात जागा होतो, आणि माझ्या डोक्यावर कागद फाटल्याचा आवाज आला. हलका, सावकाश, देठ खुडल्यासारखा. मग दोन पानं उलगडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

संध्याकाळी आकांक्षानं पाहिलं आणि ती किंचाळणार तोच आजीनं तिचा हात दाबला. पाकिटाची एक कड नीट काढलेली होती. आतली पानं वाचून परत घडी घालून ठेवलेली होती.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला फाडू नका. माझे पाच भाऊ तेच सांगतील, आणि त्यांचं खोटं नाही. माझं मागणं मात्र वेगळं आहे. घरातल्या माणसाला काही सांगायचं असेल तर ते आज लिहा आणि हातात द्या, दुसऱ्याच्या खणात ठेवू नका. आणि तुमच्या नावाचं काही आलं तर ते फोडून वाचा, मग त्याची कड गेली तरी चालेल. जन्मभर एकही लिफाफा न फोडलेल्या माणसानं बायकोचं पत्र फोडून वाचलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.